उष्टावणानंतरचे घास

मुलाच्या आयुष्यातला पहिला घास हा आपल्याकडे सोहळा असतो. मामाच्या मांडीवर बाळाला बसवावयाचे, वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावावयाची, आणि बाळाने जीभ फिरवली की घरभर कौतुकाचा कल्लोळ व्हावयाचा, असे उष्टावण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मुलगा असेल तर सम महिना, मुलगी असेल तर विषम, हा हिशेबही अनेक घरांत काटेकोरपणे पाळला जातो. आम्हा ख्रिस्ती घरांतून असा विधी नसला, तरी पहिली पेज भरवण्यापूर्वी बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करणारी आजी असतेच. येथे मध्य प्रदेशात तर आंगणवाडीतूनही अन्नप्राशनाचा दिवस साजरा होतो. पहिल्या घासाविषयी आपल्या मनात आदर आहे. तो असावा, ही चांगलीच गोष्ट आहे.

परंतु आज मला बोलावयाचे आहे ते त्या पहिल्या घासाविषयी नव्हे, तर दुसऱ्या दिवसापासूनच्या घासांविषयी. कारण बालरोगतज्ज्ञांची खरी तक्रार तेथेच आहे. सोहळा एका दिवसाचा होतो आणि खिरीची वाटी धुऊन कपाटात जाते. त्यानंतर कित्येक घरांत बाळाच्या वाट्याला तीन-चार महिने काय येते, तर वरणाचे पाणी, भाताची निवळ आणि चहात बुडवलेले बिस्किट. मी वैद्यकाची अधिकारी नाही. मी शाळेत शिकवणारी बाई आहे. पण डॉक्टर जे सांगतात ते दवाखान्याच्या दारातून घरच्या चुलीपर्यंत पोहोचेतो पुष्कळ वेळा निम्मे होते, हे मी पाहते. म्हणून तेच सांगणे, त्याच्या कारणांसह, आज आपल्यापुढे मांडते.

पहिला प्रश्न वयाचा. बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे? आजचे वैद्यकीय उत्तर निःसंदिग्ध आहे: सहा महिने, म्हणजे १८० दिवस, पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत केवळ आईचे दूध. पाणी नाही, मध नाही, गुटीही नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे अपवाद. आणि सहा महिने पूर्ण होताच अन्न सुरू झालेच पाहिजे. दात येण्याची किंवा मुहूर्त निघण्याची वाट पाहत आठवा-नववा महिना गाठू नये. मूल वेळेआधी जन्मले असेल, तर मात्र दिवस कसे मोजावयाचे हे डॉक्टरांनाच विचारावे.

येथे घरातल्या वडील बायकांचा एक आक्षेप ठरलेला असतो. “सूनबाई, माझ्या वेळी डॉक्टरांनीच चौथ्या महिन्यात सुरू करावयाला सांगितले होते. तेव्हाचे डॉक्टर काय अडाणी होते?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण सासूबाईंची आठवण खरी आहे. पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ‘चार ते सहा महिने’ असाच होता. निरनिराळ्या देशांतील निरीक्षणे एकत्र तपासल्यावर असे दिसले, की सहा महिने केवळ अंगावरच्या दुधावर राहिलेल्या मुलांची वाढ खुंटत नाही आणि त्यांना जुलाबासारखे आजार कमी होतात. म्हणून २००१ साली जागतिक आरोग्य सभेने ‘सहा महिने’ असा निर्णय केला. आधीचे डॉक्टर अडाणी नव्हते. त्यांच्या हाती जेवढे ज्ञान होते तेवढे त्यांनी प्रामाणिकपणे दिले. ज्ञान वाढले, म्हणून सल्ला बदलला. हे सुनेने सासूला शांतपणे सांगावे. शास्त्राचा मोठेपणा न बदलण्यात नसून, कारण दाखवून बदलण्यात आहे.

आता सहा महिनेच का, याचे दुसरे अंग पाहू. आईच्या दुधाचे मोल सहा महिन्यांनंतरही कमी होत नाही. दोन वर्षांपर्यंत, आणि त्यापुढेही, ते चालू ठेवावे असेच डॉक्टर सांगतात. पण बाळाची गरज त्या दुधाच्या पुढे धावू लागते. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाकाठी सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून मिळावे लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, आणि पहिल्या वाढदिवसानंतर सुमारे ५५०. याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची. जन्माला येताना बाळ आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येते, आणि आईच्या दुधात लोह फार थोडे असते. शिदोरी संपली आणि ताटात काही आले नाही, म्हणजे रक्त फिके पडू लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याच पाहणीत असेही दिसले, की सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे ४६ टक्के मुलांनाच आईच्या दुधासह घट्ट वा मऊ अन्न मिळत होते. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरांत केवळ अकरा होती.

शंभरांत अकरा! श्रोतेहो, हा आकडा केवळ दारिद्र्याचा असता, तर त्यावर बोलण्याचा अधिकार अर्थशास्त्र्यांचा होता. पण ज्या घरात दोन वेळा वरण-भात शिजतो, दूध येते, फळवाल्याची गाडी दारावरून जाते, त्या घरातले मूलही कित्येकदा त्या एकोणनव्वदांत असते. तेथे अन्न आहे. ते बाळाच्या वाटीत येत नाही, इतकेच.

ते का येत नाही? याचे एक मोठे कारण म्हणजे पातळपणाविषयीची आपली समजूत. ‘एवढासा जीव, त्याला घट्ट कसे पचेल?’ या मायेपोटी आपण वरणावरचे पाणी काढून ते बाळाला पाजतो. आता हिशेब करून पाहा. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ६५ ते ७० उष्मांक असतात. गाळलेल्या वरणाच्या पाण्यात त्याहून कितीतरी कमी. म्हणजे आपण बाळाचे पोट अधिक कसदार दुधाऐवजी कमी कसाच्या पाण्याने भरतो. डाळीचा सारा कस पातेल्याच्या तळाशी राहतो, आणि तो खातो आपण मोठे. बाळाचे पोट लहान आहे हे खरे. त्याच्या वजनाच्या दर किलोमागे ते जेमतेम ३० ग्रॅम अन्न सामावून घेते, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० ग्रॅम. पण पोट लहान असण्याचा अर्थ अन्न पातळ हवे असा नसून, प्रत्येक घासात कस हवा असा आहे. डॉक्टरांची कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला असता अन्न ओघळून पडता कामा नये. वरणाचे पाणी नव्हे, वरण. भाताची निवळ नव्हे, मऊ कुसकरलेला भात.

या बाबतीत आपल्या आज्यांजवळ एक उत्तम पदार्थ होता, आणि त्याची आठवण मी मुद्दाम करून देते. तो म्हणजे खिमट. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजून भरड दळून ठेवावयाची. रोज थोडी भरड पाण्यात शिजवून वर चमचाभर साजूक तूप घालावयाचे. तांदळाच्या प्रथिनात जे उणे असते ते डाळीत असते आणि डाळीत जे उणे ते तांदळात, म्हणून दोहोंचे मिश्रण एकट्या-एकट्यापेक्षा सरस. चहाच्या चमच्याएवढ्या तुपात वा तेलात ४० ते ४५ उष्मांक असतात. वाटीचा आकार न वाढवता तिचा कस वाढवण्याचा याहून सोपा उपाय नाही. नाचणीचे सत्त्व हेही तसेच. धान्याला मोड आणून, वाळवून दळले, की त्याची पेज शिजल्यावर फार चिकट होत नाही. त्यामुळे कमी पाण्यात अधिक पीठ मावते आणि बाळाला गिळावयास सोपे जाते. मोड आणण्यामागील ही क्रिया बडोद्याच्या विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञांनी अभ्यासून मांडली. आपल्या घरांतून ती त्याआधीपासून चालत आलेली होती.

आम्ही राहतो ते मिसरोद भोपाळच्या दक्षिणेस, नर्मदापुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एके काळचे खेडे, आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. मंडीदीपच्या कारखान्यांत नि शहरातल्या कचेऱ्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे येथे आहेत. कोणी नागपूर-अमरावतीकडचे, कोणी मुलताई-बैतूलचे, कोणी बऱ्हाणपूरचे. घरात नवरा-बायको दोघेच. बाळंतपणासाठी आई किंवा सासू येते, काही महिने राहते आणि परत जाते. ती परत जाते नेमकी त्याच सुमारास, जेव्हा बाळाचे वरचे अन्न सुरू व्हावयाचे असते. मग खिमट कसे करावे हे विचारावयाचे कोणाला? दुकानात रंगीत डबा असतोच. १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांच्या तयार अन्नाच्या जाहिरातीस आपल्या देशात मनाई आहे, आणि २००३ मध्ये तो कायदा अधिक कडक झाला. यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ओळखावे. डबा विष नाही. प्रवासात वा अडचणीत त्याचा उपयोगही होईल. पण त्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय, आणि त्यात साखर किती हे पाहिल्याशिवाय, तो घेऊ नये. आणि घरच्या अन्नाला तो पर्याय आहे असे मानू नये. शेजारच्या सिहोर जिल्ह्याचा शरबती गहू नामांकित आहे. त्याचा मऊ शिजवलेला दलिया, त्यात मूठभर मुगाची डाळ, कुसकरलेला भोपळा वा गाजर आणि चमचाभर तूप, एवढे केले की झाले. बऱ्हाणपूरची केळी येथे बारा महिने मिळतात. पिकलेले केळे कुसकरावयास गॅसही पेटवावा लागत नाही.

किती द्यावे नि कितीदा? आरंभ दोन-तीन चमच्यांनी करावा. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. येथे वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची, हे ध्यानात असू द्यावे. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा; आणि वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा. शिवाय भुकेप्रमाणे मधल्या वेळी एखादे फळ वा दही. आरंभी सारे गुळगुळीत कुसकरलेले, आठव्या महिन्याच्या सुमारास थोडे दाणेदार, बाळाला स्वतः बोटांनी उचलता येईल असे मऊ तुकडे, आणि वर्षाचे झाले की घरचेच जेवण, तिखट नि मसाला वगळून. मिक्सरमधून काढलेला गुळगुळीत लगदाच वर्षभर देत राहिले, तर मूल चावावयास शिकत नाही, आणि पुढे ‘हा काही खातच नाही’ अशी तक्रार घेऊन आपण डॉक्टरांकडे जातो.

ताटात विविधता हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात अंडी, मासे, मांस यांपैकी काही रोज मिळावे, भाज्या नि फळे रोज मिळावीत असे म्हटले आहे. जी घरे हे खातात त्यांनी बाळाला वर्ष होईतो अंडे न देण्याची जुनी समजूत सोडावी; सहा महिन्यांनंतर नीट उकडलेले अंडे कुसकरून देण्यास सर्वसाधारणपणे हरकत नाही. ज्या घरांत शाकाहार आहे तेथे डाळी, दही, हिरव्या पालेभाज्या आणि मोडाची कडधान्ये यांवर अधिक भर हवा, आणि वर दोन थेंब लिंबू. कारण लिंबू-आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्वाने वनस्पतीतील लोह अंगी लागते. चहाने उलट होते. तो लोह शोषू देत नाही. म्हणून चहा-बिस्किट हा बाळाचा आहार नव्हे, मग बिस्किट कितीही महाग असो. ‘ॲनिमियामुक्त भारत’ या कार्यक्रमात सहा महिन्यांवरील बालकांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध देण्याची सोय आहे; ते आशाताईंकडे किंवा आंगणवाडीत विचारून घ्यावे. आशाताईंच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या नि पंधराव्या महिन्यांतील गृहभेटी याच कामासाठी ठरवलेल्या आहेत. त्या दारात आल्या तर ‘आमचे डॉक्टर वेगळे आहेत’ म्हणून त्यांना परतवू नये.

काही गोष्टी मात्र वर्ज्य. वर्षाच्या आत मध चाटवू नये. मधात क्वचित असे जंतुबीज असते की जे मोठ्यांना बाधत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष निर्माण करून स्नायू लुळे पाडू शकते. वर्षाच्या आत मीठ वेगळे घालू नये; साखर दोन वर्षांपर्यंत टाळावी. आपल्या जिभेला अळणी लागणारे बाळाला अळणी लागत नाही. त्याला चवीची ओळखच आता होत आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळिंबाचे दाणे, अख्खी द्राक्षे हातात देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. दुधाची बाटली टाळावी. वाटी-चमचा धुण्यास सोपा, आणि अन्नाची खरी स्वच्छता तेथेच आहे. भरवण्यापूर्वी आपले नि बाळाचे हात साबणाने धुवावेत, आणि सकाळचे खिमट उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ठेवून पुन्हा ऊन करून देऊ नये.

आता भरवण्याच्या रीतीविषयी. नवी चव बाळ पहिल्यांदा थुंकून टाकते, आणि आपण लगेच म्हणतो, ‘याला भोपळा आवडत नाही.’ डॉक्टर सांगतात, आठ-दहा वेळा, दिवसांच्या अंतराने, तीच चव पुन्हा पुढे करावी. पुष्कळ बाळे सहाव्या-सातव्या वेळी ती स्वीकारतात. बळजबरी करू नये. नाक दाबून घास घालणे तर कदापि नको. बाळाने तोंड फिरवले, चमचा ढकलला, म्हणजे त्याचे पोट भरले. ही त्याची भाषा आहे. तिला मान दिला म्हणजे ते भूक नि तृप्ती ओळखावयास शिकते. हल्ली मोबाइलवरची चित्रे दाखवून घास कोंबण्याची चाल घराघरांत पडली आहे. मूल चित्राकडे पाहते, तोंड आपोआप उघडते, वाटी संपते, आणि आई सुटकेचा श्वास टाकते. पण त्या मुलाने जेवण केले असे म्हणता येत नाही. ते केवळ भरले गेले. काऊचा घास नि चिऊचा घास यांत वेळ जातो खरा, परंतु त्या वेळात बाळ आईचा चेहरा पाहते, शब्द ऐकते, हाताने चाचपते. शिक्षिका म्हणून मी सांगते, की भाषेचा पहिला धडा पहिलीच्या वर्गात नसतो. तो या पाटावर असतो.

आणि बाळ आजारी असले म्हणजे? ‘पोटाला विश्रांती’ म्हणून अन्न तोडण्याची पद्धत सोडावी. जुलाबातही आईचे दूध चालूच ठेवावे, अन्न थोडे-थोडे पण अधिक वेळा द्यावे, जलसंजीवनी द्यावी, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे. आजारात गमावलेले वजन याच दिवसांत भरून येते. बाळ सुस्त पडले, काहीच पिईना, किंवा दर महिन्याच्या नोंदीत त्याचे वजन वाढेनासे झाले, तर घरगुती उपाय करीत बसू नये. थेट डॉक्टरांकडे जावे.

या सर्व खटाटोपाला एवढे महत्त्व का द्यावयाचे, असे कोणी विचारील. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत मेंदूची जी उभारणी होते तिचा वेग पुन्हा आयुष्यात येत नाही. आणि उंची खुंटण्याची क्रियाही मुख्यतः याच काळात घडते. पाचव्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील ३५ टक्क्यांहून अधिक मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. तीच मुले पुढे आमच्या वर्गात येऊन बसतात. त्यांतल्या काहींचे लक्ष लवकर उडते, काही दुपारपर्यंत मलूल होतात, आणि आम्ही त्यांना ‘मंद’ म्हणून मोकळे होतो. पाटी-पुस्तक, गणवेश, शिकवणी यांवर घरे ऐपतीबाहेर खर्च करतात. पण ज्या महिन्यांत रोज एक वाटी खिमटाने काम झाले असते, ते महिने तोवर निघून गेलेले असतात. शिक्षकाला पुष्कळ काही भरून काढता येते. हे मात्र सर्वस्वी भरून काढता येत नाही.

म्हणून माता-भगिनींनो, आणि वडिलांनो, आजी-आजोबांनो, तुम्हालाही, कारण भरवणे हे एकट्या आईचे काम नव्हे: उष्टावण जरूर थाटात करा. पण त्याच दिवशी घरात एक वाटी नि एक चमचा बाळाच्या नावाने वेगळा काढून ठेवा. स्वयंपाक होत आला, की तिखट-मीठ घालण्यापूर्वी त्या वाटीत वरण-भात आधी काढा, तूप सोडा, नीट कुसकरा आणि बाळाला समोर बसवून भरवा. हे दिवसातून दोन-तीन वेळा आणि मग तीन-चार वेळा, दुसरा वाढदिवस होईपर्यंत, न कंटाळता चालू द्या. खर्च म्हणाल तर घरच्या शिध्यातली मूठभर डाळ नि मूठभर तांदूळ एवढाच आहे.